पेपर बंद केला आणि एकवीसपैकी अठरा दिवस गेले

गेल्या वर्षीची, पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. रविवार होता. बाबा गल्लीच्या टोकाला कटिंगच्या दुकानात गेले होते. पुढे चारजण बसलेले. नंबर यायला वेळ होता म्हणून बाकावरच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा चाळत बसले. अर्ध्या तासाने कटिंग न करताच घरी आले. हातात पेपरचं एक पान. दुकानदाराला विचारून फाडून आणलेलं.

"हे बघ. हे आपलं शिवार नव्हे?"

तालुक्याच्या पानावर खाली दोन कॉलमी बातमी होती. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेणार, हरकती मागवल्यात, आणि पुढे गावांची नावं आणि सर्व्हे नंबर. आमच्या गावाच्या ओळीत तिसरा नंबर आमचा. आज्जाच्या नावावरचा तो तुकडा. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. आमच्या घरी वर्षाचा तांदूळ अजून त्यातनंच येतो.

हरकत घ्यायला २१ दिवस असतात. पानावरची तारीख बघून मी बोटावर मोजलं. अठरा गेले होते.

हे सगळं सांगायचं कारण, घरातला पेपर बंद करा असं सांगणारी मीच होते.

२०२० चा मार्च आठवत असेल तुम्हाला. कागदावरून कोरोना येतो अशी भीती सगळीकडे होती. पेपरवाले मामाही काही दिवस आले नाहीत. पुन्हा सुरू झाले तेव्हा मी बाबांना म्हटलं, "कशाला पाहिजे? सगळं मोबाईलवर येतंय की." उद्यमबागेतली फाउंड्री तेव्हा बंद होती, पगार अर्ध्यावर आलेला. महिन्याचे पेपरचे पैसे वाचले तर वाचले. आज्जाने दोन दिवस कुरकुर केली. मग त्यालाही फोनवर व्हिडिओ बघायची सवय लागली. पेपर येणं थांबलं आणि घरात कुणाला काही वाटलंही नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असंच झालं असणार. कुणी ठरवून सोडलेला नाही. एक महिना बंद केला आणि तो महिना अजून संपलेला नाही, एवढंच.

मी राज्यशास्त्र शिकते, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. अठरा दिवस गेले म्हटल्यावर पहिल्यांदा मी कायदा उघडला. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६. त्यात कलम ३अ आहे. सरकार एखादी जमीन रस्त्यासाठी घेणार असेल तर अधिसूचना काढावी लागते, आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो. त्या दोनांपैकी एक देशी भाषेतलं पाहिजे. पुढे कलम ३क मध्ये हरकतीची मुदत आहे, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस. शेतकऱ्याच्या दारात येऊन कुणी कागद हातात देईल असं या टप्प्यावर हे कलम म्हणत नाही. पेपरात छापलं म्हणजे तुम्हाला कळवलं, असा हिशोब आहे.

'देशी भाषा' म्हणजे कोणती, तेही कायद्यात लिहिलेलं नाही. आमच्या बाबतीत एक नोटीस इंग्रजी पेपरात आली होती, दुसरी कन्नड पेपरात. कायदा पाळला गेला. मला कन्नड वाचता येतं. शाळेत शिकलेय, मार्कही चांगले होते, आणि या भाषेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या घरात कन्नड पेपर कधीच नव्हता, इंग्रजी तर लांबच. आज्जाला कन्नड बोललेलं बऱ्यापैकी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे जमीन ज्याच्या नावावर, त्याला वाचता येणार नाही अशा दोन भाषांत नोटीस निघाली, आणि ती त्याच्या भाषेत आणली कुणी? एका मराठी पेपरच्या तालुका बातमीदाराने. त्याने ती नोटीस वाचली, गावांची नावं आणि सर्व्हे नंबर नीट उतरवून काढले, मुदत काय ते लिहिलं आणि दोन कॉलमात बसवलं. त्याचं नावसुद्धा बातमीवर नव्हतं. 'वार्ताहर' एवढंच.

ती बातमी आमच्या गावात ज्यांच्या घरी पेपर येतो त्यांनी वाचली होती. त्यांनी हरकती दिल्या पण होत्या. त्यातल्या एकाने बाबांना विचारलं, "तुम्ही दिला नाही होय अजून? आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे." आम्ही गाव सोडून शहरात राहतो. गावात रोज भेटणाऱ्यांना कळलं, आम्हाला नाही.

मग मला राग आला तो माझ्या फोनचा. रोज तीन-चार तास मी फोनवर असते. त्या अठरा दिवसांत त्याने मला काय काय दाखवलं! मुंबईच्या लोकलमधली भांडणं, पुण्यातल्या ट्रॅफिकवरचे विनोद, महाराष्ट्रातला कुठला नेता कुणाला काय म्हणाला, एका नटीचं लग्न. सगळं मराठीत बरं का. भाषेची अडचणच नव्हती. फक्त आमचं शिवार त्यात नव्हतं. फोनला माहीत आहे मी मराठी आहे. मी बेळगाव तालुक्यातली आहे आणि माझ्या आज्जाचा एक सर्व्हे नंबर आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ज्या बातमीवर लाखभर लोक थांबतील ती तो पुढे ढकलतो. आमच्या गावच्या बातमीवर फार तर दोनशे माणसं थांबतील.

तुम्ही म्हणाल, शोधायचं होतं. नंतर मी शोधून बघितलं. गावाचं नाव टाकलं, रस्त्याचं नाव टाकलं. ती बातमी सापडली नाही. त्या पेपरचा ई-पेपर आहे, पण ई-पेपर म्हणजे बहुतेक वेळा पानाचा फोटो. त्यातली अक्षरं सर्चला दिसत नाहीत. तारीख आणि पान माहीत असेल तर बातमी मिळते, आणि तारीख आणि पान माहीत असेल तर शोधायचं काय राहिलं? बरं, नुसतं 'तरुण भारत' टाकून बघा. आपला बेळगावचा तरुण भारत १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेला. नागपूरचा तरुण भारत वेगळा. या दोन वेगळ्या पेपरांची नावं सारखी आहेत हे आपल्या आज्जाला माहीत आहे, फोनच्या सर्चला बऱ्याचदा नसतं.

आणि रोज सकाळी ग्रुपवर येणारी ती पीडीएफ? आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही येते. मी बारकाईने बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, बहुतेक दिवशी ती पुण्याची नाहीतर मुंबईची आवृत्ती असते. कधी कोल्हापूरची. फुकट मिळते म्हणून आपण वाचतो आणि पेपर वाचला असं वाटतं. पण पेपरचं ते एक पान, जे फक्त आपल्यासाठी छापलेलं असतं, तेच त्यात नसतं.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर हे 'पूर्वीचं सगळं चांगलं होतं' छाप लिखाण होईल, आणि तसलं लिखाण आपण सगळ्यांनी खूप वाचलंय.

माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली. तिथे पिढ्यान् पिढ्यांची मराठी घरं आहेत, पण सकाळी दारात बेळगावचा पेपर पडणं कधीच शक्य नव्हतं. पूर्वी ती माहेरी आली की महिन्याभराचे पेपर गठ्ठा करून न्यायची. आता सकाळी चहाबरोबर बेळगावची बातमी वाचते आणि कधी कधी मलाच फोन करून सांगते, "अगं, तुमच्याकडे पाणी येणार नाही दोन दिवस." ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, इथल्या मराठी माणसाला ऑनलाईनने जे दिलं ते छापील पेपर कधी देऊ शकला नसता. त्यांना 'कागदावरचं वाचा' असं सांगणारी मी कोण?

आणि २०२५ चा फेब्रुवारी. बसमध्ये मराठी-कन्नड बोलण्यावरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली, आणि मग दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांचा खोळंबा सुरू झाला. माझ्या मैत्रिणीला कोल्हापूरला परीक्षेला जायचं होतं. एसटी कुठपर्यंत जातेय हे तिला सकाळच्या पेपरातून कळून उपयोग नव्हता, दुपारपर्यंत चित्र बदलत होतं. फोननेच तिला पोचवलं. अर्थात त्याच फोनवर त्याच दिवशी आम्हाला दोन-तीन वर्षांपूर्वीचे दगडफेकीचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून आले. दोन्ही बाजूंचे. मराठीतून एक संच, कन्नडमधून एक संच. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी जी चार पोरं तावातावाने बोलत होती त्यातल्या एकानेही तारीख तपासलेली नव्हती.

छापील पेपरही काही सोवळा नसतो. पहिलं पान उलटावं तर आत पान भरून नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. जाहिरात कुठे संपली आणि बातमी कुठे सुरू झाली ते कळत नाही. जो जाहिरात देतो त्याच्याविरुद्ध जपून लिहिलं जातं, हे आपल्याला कळत नाही असं नाही. पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कुठलाही पेपर घ्या, शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापला, संपादक कोण. ती हौस म्हणून छापत नाहीत. १८६७ च्या कायद्यापासून ते बंधन आहे, आणि तो जुना कायदा जाऊन २०२४ च्या मार्चपासून नवा लागू झाला तरी पेपरची नोंदणी करावीच लागते. चूक छापली तर कुणाच्या दारात जायचं ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. 'बेळगाव ब्रेकिंग' नाहीतर असंच काहीतरी नाव लावून चालणाऱ्या किती पेजेसवर तुम्हाला माणसाचं नाव सापडतं?

शिकताना एक खटला वाचला, तो इथे सांगायलाच पाहिजे. १९६० साली केंद्र सरकारने हुकूम काढला की पेपरची किंमत जितकी असेल त्या प्रमाणातच पानं द्यायची. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. कारण असं दिलं की मोठे पेपर स्वस्तात जास्त पानं देऊन छोट्या पेपरांना मारतात. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला तो एक मराठी पेपर. पुण्याचा 'सकाळ', नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली काढलेला. आणि मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे पेपरबरोबर त्याचे साधे वाचकही अर्जदार होते. आम्हाला जे वाचायला मिळतंय ते सरकार कमी करतंय, हे त्यांचं म्हणणं.

१९६१ मध्ये कोर्टाने तो हुकूम रद्द केला. कोर्टाचा विचार साधा होता. किंमत वाढवली तर वाचक कमी होणार. पानं कमी केली तर मजकूर कमी होणार. दोन्हीकडून पेपरचा आवाज लहान होतो. बोलण्याच्या स्वातंत्र्यात नुसतं बोलणं येत नाही, ते किती लोकांपर्यंत पोचतं हेही त्यातच येतं.

हे वाचताना माझ्या डोक्यात आमची बातमी होती. आज आमची बातमी किती लोकांपर्यंत पोचली पाहिजे, हे ठरवतं कोण? सरकारने हुकूम काढलेला नाही. कुणाविरुद्ध कोर्टात जायचं तेही माहीत नाही. फोनमधलं एक गणित ठरवतं, आणि त्या गणिताला आपला तालुका परवडत नाही. १९६० साली सरकारने पेपरची पानं कमी करायला बघितली तर वाचक सुप्रीम कोर्टात गेले. आपण मात्र आपलं पान आपल्याच हाताने बंद केलं, महिन्याच्या थोड्या पैशांसाठी.

दुसरी गोष्ट गोव्याची. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. निकाल काय लागला हे आपल्याकडच्या पोरांना माहीत असतं. पण त्या वेळी गोव्यात 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता आणि 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही मराठी होते, हे कितीजणांना माहीत आहे? एकाच भाषेत दोन उलटी मतं, एकाच गावात विकायला. चहाच्या दुकानात दोन्ही पेपर पडलेले असले तर नाही पटलं तरी समोरचा काय म्हणतोय ते नजरेखालून जाणारच.

त्यातलं कुठलं मत तुम्हाला पटतं हा माझा मुद्दा नाही. मराठीत वाचायचं म्हणजे सगळ्यांनी एकच म्हणायचं असं त्या काळी नव्हतं, हा मुद्दा आहे. आज माझ्या फोनवर मला पटेल तेच येतं. मी एखादा चिडलेला व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की पुढचे दहा त्याच्यापेक्षा चिडलेले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे महागात पडतं. आपल्या शेजारी कन्नड घर असतं. बाजारात, बसमध्ये, कॉलेजात रोज त्यांच्याशी वागायचं असतं. हक्कासाठी बोलायचंय तर आधी नीट माहिती पाहिजे. नोटीस कुठल्या कलमाखाली निघाली, मुदत किती, अर्ज कुणाकडे. यातलं काहीच चिडून कळत नाही.

आणखी एक, घरातलं. माझी धाकटी बहीण आठवीला आहे, इंग्रजी माध्यमात. ती मराठी बोलते फाडफाड, अगदी आपल्या बेळगावी वळणाने, "काय करूलीस, कुठं जाऊलीस." मैत्रिणींना मेसेज पण मराठीतच करते, फक्त इंग्रजी अक्षरांत. ते पान बाबांनी टेबलावर ठेवलं तेव्हा तिने हातात घेतलं आणि वाचायला लागली. 'अधिसूचना' या शब्दावर अडकली. 'क्षेत्र'वर अडकली. 'हरकत'चा अर्थ तिला फक्त 'हरकत नाही' मधला माहीत होता. मी तिच्या वयाची असताना रोज सकाळी आज्जाला हेडलाईन वाचून दाखवायचे. त्याचा चष्मा सापडायचा नाही, हे त्याचं कारण. चष्मा त्याच्या खिशातच असायचा हे मला कितीतरी उशिरा कळलं.

मी मराठी वाचायला शाळेत शिकले, पण भरभर वाचायला त्या पेपरावर शिकले. बहिणीच्या वाट्याला तो पेपर आलाच नाही. तिची मराठी कानाने चालते, डोळ्याने नाही. आपण मराठी शाळांबद्दल बोलतो, पाट्यांबद्दल बोलतो, सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून बोलतो. बोललंच पाहिजे. पण उद्या तो कागद खरंच मराठीत आला, आणि घरात तो वाचणारं कुणी नसलं, तर?

आता पैशाचं बोलू, कारण सगळं शेवटी तिथे येतं. पेपर आपण ज्या किमतीला घेतो त्यात छपाईचा आणि कागदाचा खर्च निघत नाही, तो जाहिरातींवर चालतो. जाहिरातदार आता फोनकडे गेला. कागद महागला. २०१९ च्या बजेटमध्ये तर बाहेरून येणाऱ्या वर्तमानपत्राच्या कागदावर १० टक्के कर बसवला होता, पुढच्या वर्षी तो ५ वर आणला. यात पहिला मार बसतो तो तालुक्याच्या पानाला. मुंबईची बातमी एकदा लिहिली की सगळ्या आवृत्त्यांना चालते. आमच्या शिवाराची बातमी फक्त आमच्याच पानाला चालते आणि तिच्यासाठी एक माणूस पाठवावा लागतो. मोटारसायकलला पेट्रोल घालून, ऑफिसबाहेरच्या बोर्डावरच्या नोटिसा वाचणारा माणूस. त्याला बातमीमागे काय मिळतं ते विचारायची तुम्हाला लाज वाटेल.

म्हणून माझ्यासाठी आता प्रश्न कागद की मोबाईल हा राहिलेला नाही. कागदावर वाचा, फोनवर वाचा. त्या माणसाला पेट्रोलचे पैसे कोण देतंय, हा प्रश्न आहे. आपण पेपर बंद केला आणि त्याची बातमी ग्रुपवर फुकट मागितली, तर काही दिवसांनी ग्रुपवर टाकायलाही ती बातमी नसेल. काश्मीरचं उदाहरण उलट्या बाजूने बघा. २०१९ मध्ये तिथे इंटरनेट बंद केलं तेव्हा एका इंग्रजी पेपरच्या संपादक सुप्रीम कोर्टात गेल्या, कारण इंटरनेटशिवाय त्यांचा छापील पेपरसुद्धा श्रीनगरमधून निघू शकत नव्हता. कागद आणि नेट ही दोन टोकं राहिलेली नाहीत. दोन्हीच्या मागे बातमी आणणारा एकच माणूस आहे. तो गेला की दोन्ही रिकामी.

आमच्या घरी पेपर परत सुरू केला. पेपरवाले मामा म्हणाले, पूर्वी आमच्या गल्लीत जवळजवळ घरटी पेपर टाकायचो, आता सायकलवरचा गठ्ठा कधी हलका होतो तेच कळत नाही. पहाटे उठून गठ्ठे घ्यायचे, पुरवण्या आत घालायच्या, लाईन टाकून सातच्या आत संपवायची. त्यांचा मुलगा हे करणार नाही म्हणतो. मी त्याला दोष देणार नाही.

तुम्हाला मी एवढंच सांगेन. ज्यांना परवडतं त्यांनी आपल्या भागाची आवृत्ती विकत घ्या, कागदावर किंवा ई-पेपरची वर्गणी भरून. बाहेरगावी असाल तर वर्गणी तुम्ही भरा आणि गावचा पेपर आईबाबांच्या दारात पडू दे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आपली मंडळं आहेत की. गणपतीला लायटिंगवर जेवढा खर्च होतो त्याच्या कणभर भागात मंडळाच्या खोलीत वर्षभर दोन पेपर येतील. त्यात एक कन्नड ठेवा, मुद्दाम सांगते. आमची नोटीस तिथेच होती. वाचनालयाची सवय आपल्या गावाला नवीन नाही, कडोली, येळ्ळूर, उचगावसारखी गावं मराठी साहित्य संमेलनं भरवतात. जे गाव संमेलन भरवू शकतं ते रोज सकाळी एक पान वाचू शकतं.

आणि ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर पुण्याची पीडीएफ टाकू नका. आपल्या पानावरची नोटीस कापा, तारीख दिसेल असा फोटो काढा, गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाईप करून लिहा, मराठी अक्षरांत. म्हणजे उद्या कुणी शोधलं तर सापडेल. फोनचा हा उपयोग मला पटतो. पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी घरात ते पान आलं पाहिजे.

आमच्या हरकतीचं काय झालं, ते राहिलं. सोमवारी बाबांनी सुट्टी टाकली. उतारा काढला. अर्ज मी लिहिला, रात्री दोन वेळा फाडून तिसऱ्यांदा. विसाव्या दिवशी दाखल केला आणि पोच घेतली. सुनावणीला आज्जा स्वतः आला, धुतलेला सदरा घालून. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. काही आठवड्यांनी निर्णय आला, हरकत फेटाळली. पेपर सुरू केला म्हणून जमीन वाचली असं मी सांगितलं असतं तर हा लेख जास्त छान झाला असता. तसं झालं नाही. पण आज्जाचं नाव त्या फाईलमध्ये आहे. तो गप्प बसला असं उद्या कुणाला म्हणता येणार नाही.

आणि हे इथे संपत नाही. त्याच कायद्यात कलम ३ग आहे, नुकसानभरपाईचं. भरपाई ठरवण्याआधी ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्यांनी पुढे यावं म्हणून जाहीर नोटीस काढावी लागते. कुठे? दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातलं एक देशी भाषेतलं.

ती अजून निघायची आहे. त्यामुळे सध्या आमच्या घरी सकाळी सहा-साडेसहाला दारात पेपर पडल्याचा आवाज आला की बहीण उठून तो आणते आणि आज्जाच्या शेजारी बसते. पहिलं पान, खेळाचं पान ती बघत नाही. तालुक्याचं पान काढते आणि बोट लावून गावांची नावं वाचत जाते. आता 'अधिसूचना'वर अडकत नाही. आज्जाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, चष्मा सापडत नाही म्हणून.